मोठी चाकं, बुटकी गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पाडव्याला किंवा दसऱ्याला घरात नवी गाडी येते. हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, पेढे वाटले जातात. महिना उलटायच्या आत घरातला तरुण मुलगा त्याच गाडीकडे जरा नाराजीनं बघायला लागतो. चाकं फार लहान दिसतात, म्हणतो. चाक आणि मडगार्डच्या मध्ये आख्खा हात जाईल एवढी फट आहे, म्हणतो. मग मित्राच्या गाडीचे फोटो दाखवले जातात. मोठाली चमकदार मॅगव्हील, कागदासारखे पातळ टायर आणि जमिनीला पोट टेकेल की काय अशी खाली बसलेली गाडी. अशी गाडी करायला किती खर्च येईल, हा प्रश्न घेऊन तो आमच्यासारख्यांच्या दारात येतो.

साताऱ्याजवळ हायवेला माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं मी गाड्यांच्या खाली आडवा होऊन त्यांच्याकडे बघत आलोय. त्यामुळे गाडी वरून कशी दिसते यापेक्षा ती खालून कशी आहे, हे मला जास्त ठाऊक. आज तेच थोडं सांगणार आहे.

आधीच स्पष्ट करतो, मी या हौसेच्या विरोधात नाही. मोठं चाक डोळ्याला बरं दिसतं, हे खुद्द गाडी बनवणाऱ्यांनाही मान्य आहे. प्रदर्शनात मांडलेली कोणतीही नवी गाडी बघा, तिची चाकं रस्त्यावर विकायला येणाऱ्या गाडीपेक्षा मोठीच असतात. त्याच मॉडेलच्या महागड्या प्रकाराला कंपनी एक इंच मोठं चाक देते, तेही लोकांना आवडतं म्हणूनच. तेव्हा पोराला चांगलं दिसावंसं वाटलं, तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच की, दिसण्याची किंमत कोण देतं आणि कशात देतं?

ही हौस आली कुठून?

गाडी खाली बसवण्याचा नाद अमेरिकेत, कॅलिफोर्नियात फोफावला. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली मेक्सिकन वंशाची तरुण मुलं जुन्या गाड्या घेत. डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंगा कापून ती गाडी जमिनीलगत आणत आणि रविवारी व्हिटियर बुलेव्हार्डवरून मिरवत. गोऱ्या मुलांच्या गाड्या वेगासाठी. यांच्या गाड्या बघण्यासाठी आणि दाखवण्यासाठी. सरकारला हे रुचलं नाही. 1958 पासून तिथं कायदा आला की, बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. लगेच 1959 मध्ये रॉन अगिरे नावाच्या कारागिरानं आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी खाली, पोलीस दिसला की गाडी वर! तो कायदा पुढं साठ-पासष्ट वर्षं टिकला. 2023 मध्ये कॅलिफोर्नियानं तो बदलला आणि 1 जानेवारी 2024 पासून ही बंदी उठली.

हे मुद्दाम सांगितलं. त्या मंडळींचं ब्रीदच होतं, ‘खाली आणि सावकाश’. माणसाच्या चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगानं, रुंद आणि गुळगुळीत रस्त्यावरून त्या गाड्या फिरत. आपल्याकडे त्यातलं ‘खाली’ तेवढं आलं, ‘सावकाश’ मात्र तिकडेच राहिलं. शिवाय तो गुळगुळीत रस्ताही आला नाही.

टायरवरचं गणित

आता चाकाकडे वळू. टायरच्या बाजूवर काही आकडे लिहिलेले असतात. गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी ते कधी वाचलेले नसतात. आपल्या ओळखीची स्विफ्ट घेऊ. तिच्या साध्या प्रकाराला वर्षानुवर्षं 165/80 आर 14 असा टायर आला. यातले 165 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे टायरच्या बाजूची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 80 टक्के, अर्थात 132 मिलिमीटर. 14 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एक इंच 25.4 मिलिमीटर. रिमचा व्यास आणि वरची-खालची साइडवॉल यांची बेरीज केली की पूर्ण चाकाचा व्यास येतो, सुमारे 620 मिलिमीटर.

त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला 185/65 आर 15 आला. रिम एक इंचानं मोठी, साइडवॉल 120 मिलिमीटर. बेरीज करा, सुमारे 621. म्हणजे रिम वाढली, पण पूर्ण चाक जवळपास तेवढंच राहिलं. चाक मोठं करण्याची सगळी विद्या या एका उदाहरणात आहे. रिम जेवढी वाढवाल, तेवढं रबर कमी करा आणि बाहेरचा व्यास तोच ठेवा. 17 इंची रिम हवी असेल तर हिशेबात बसणारा टायर 205/45 आर 17, व्यास सुमारे 616.

हा व्यास का जपायचा? स्पीडोमीटर आणि किलोमीटर मोजणारा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतात. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते. समजा कुणी 45 ऐवजी 50 चा टायर घातला, म्हणजे 205/50 आर 17. व्यास सुमारे 637 होतो, पावणेतीन टक्के जास्त. काटा पूर्वी जो वेग दाखवायचा तोच दाखवतो, पण गाडी त्याहून जोरात चाललेली असते. शिवाय चाक मोठं म्हणजे गिअर लांब झाल्यासारखं. खंबाटकीच्या चढाला भरलेली गाडी दम खाते आणि मालक म्हणतो, इंजिनचं पिकअप गेलं.

पण व्यास जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. 132 मिलिमीटरची साइडवॉल 92 वर आली, म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामधलं चार सेंटिमीटर रबर आणि हवा गेली. ती हवा हीच गाडीची पहिली स्प्रिंग असते. खड्ड्याची धार आधी ती झेलते, उरलेलं खालची स्प्रिंग आणि शॉकअप झेलतात. पातळ टायर खड्ड्यात गेला की खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात तो सुपारीसारखा सापडतो. आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर म्हणजे वात लावलेला सुतळी बाँब. तो कधी फुटेल, एवढंच ठरायचं असतं.

त्याच टायरवर आणखी एक आकडा असतो, भार सांगणारा. 84 लिहिलं असेल तर तो टायर 500 किलो भार पेलतो, 88 असेल तर 560 किलो. टायर रुंद आहे म्हणजे जास्त वजन घेईल, असं समजू नये. पातळ टायरमध्ये हवा कमी मावते. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा कमी असेल, तर टायर कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

रिमचंही तसंच. नट बसले म्हणजे रिम बसली, असं नाही. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं. ते मोठं असेल तर मधली रिंग लावावी लागते, नाहीतर 80 च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. रिम बाहेर किती येते, हेही बघायचं. चाक बाहेर आलं की गाडी रुबाबदार दिसते खरी, पण बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग हातातून ओढ घेतं आणि मागं तीन माणसं बसली की मडगार्डची कड टायर सोलायला लागते.

कापलेली स्प्रिंग

चाकापेक्षा मोठा धोका स्प्रिंग कापण्यात आहे. गाडी खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंग काढायची, कटरनं एक-दीड वेढा उडवायचा आणि परत बसवायची. काही ठिकाणी तर गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून ती खाली बसवतात. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं. पोलादाला दिलेला सगळा ताव तिथं संपतो. अशी स्प्रिंग पुढं तुटू शकते किंवा बसत बसत जाऊ शकते.

कापलेल्या स्प्रिंगचा हिशेब बघा. स्प्रिंगचे वेढे जितके कमी, तितकी ती कडक. सहा वेढ्यांतला एक कापला तर ती 20 टक्के कडक होते. पोरं म्हणतात, बरं झालं, गाडी टाइट झाली. पण गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला उरलेली जागाही कमी झाली. आधी 8 सेंटिमीटर जागा असेल आणि गाडी 4 नं खाली आणली, तर उरली निम्मी. तोच धक्का निम्म्या अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागते, हे साधं विज्ञान आहे. आपण ती केली फक्त 20 टक्के कडक. मग उरलेला धक्का कोण घेणार? आतला रबरी ठोकळा घेतो, तो चेपला की शॉकअपची नळी, मग बॉडी आणि सर्वांत शेवटी आत बसलेल्या माणसाचा मणका.

कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही. गाडी उडाली आणि चाक खाली लोंबलं, तर आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. शॉकअप मात्र जुन्या उंचीसाठी बनवलेला, तो सतत अर्धा दाबलेल्या अवस्थेत काम करतो आणि लवकर गळतो. चाकं आत झुकतात. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतली कड तारेपर्यंत घासलेली असते. गाडीभोवती फेरी मारून हे दिसत नाही, खाली वाकूनच बघावं लागतं.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागं वजन पडून गाडी दबली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी कायमची खाली बसवली की त्या बिचाऱ्याला वाटतं, मागं माणसं बसलीत. एकट्यानं रिकामी गाडी चालवताना जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, पण त्याआधीच्या गाड्या अजून भरपूर चालतात आणि हौशी पोरांच्या हाती बहुधा त्याच लागतात.

‘पण रेसच्या गाड्या खालीच असतात ना?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. असतात. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन कमी होतं. पण किती? छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर असतो. तो 3 सेंटिमीटर खाली आणला तर फायदा पाच-सहा टक्क्यांचा. तोही आर्म, बुश, शॉकअप सगळं त्या उंचीला जुळवलं तर. नुसत्या स्प्रिंगा कापल्या तर पुढच्या आर्मचा कोन बिघडतो आणि कधी कधी गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलंडते. रेसची गाडी खाली असते आणि तिला पळायला ट्रॅक असतो. आपल्याला शाळेपुढचा गतिरोधक असतो. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. गावोगावचे गतिरोधक कोणत्या मानकानं घातलेत, हे तुम्ही जाणताच. सोळा सेंटिमीटरवरची गाडी बारावर आणली आणि पाच माणसं बसवली, तर तिचं पोट वाचणार कसं?

आजीचा प्रवास

कोरेगाव तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांच्या पैशातून घेतलेली जुनी स्विफ्ट, साध्या प्रकारातली. ‘काका, सतराची चाकं आणि गाडी डाउन,’ एवढंच तो म्हणाला. आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या शहरात जाऊन काम करून आला. खरं सांगतो, गाडी देखणी झाली होती. दुकानासमोरून गेली तेव्हा माझी पोरंसुद्धा काम सोडून बघत राहिली.

तीन महिन्यांनी वडील आणि मुलगा दोघं आले. पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा. मागच्या दोन्ही टायरांच्या बाजू घासलेल्या. पुढच्या टायरांची आतली कड संपलेली. मी यादी सांगत होतो, वडील मात्र वेगळंच बोलले. ‘आईला आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला साताऱ्याला आणावं लागतं. परवापासनं म्हातारी गाडीत बसंना झालीय. म्हणती, सुईपेक्षा रस्ता जास्त दुखतो. मला एसटीनंच ने.’

मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याला कुणी रागावलं नाही, रागवायची गरजही नव्हती. मी विचारलं, ‘जुन्या स्प्रिंगा कुठायत रे?’ तर त्याच कापल्या होत्या. परत लावायला मूळचं काही शिल्लकच नव्हतं. नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, सगळं घ्यावं लागलं. चाकं मात्र आम्ही 14 ची केली नाहीत. वरच्या प्रकाराची 15 इंची अलॉय आणि 185/65 चे टायर बसवले. मुलाचा चेहरा जरा खुलला. पुढच्या आठवड्यात अलाइनमेंट तपासायला तो आला, तेव्हा आजी पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या. मी ‘कसं वाटतंय, आजी?’ विचारलं. म्हणाल्या, ‘आता बरं हाय. पण हा लई जोरात हाकतोय, त्याला सांग.’

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. गाडीला पाच बदल केले असतील तर हिशेब तुम्हीच करा. विमा कंपनीला न कळवता बदल केले असतील तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो, आणि त्या वेळी माणूस वाद घालण्याच्या स्थितीत नसतो.

मग हौस करायचीच नाही का? जरूर करा, पण क्रमानं करा. पहिली गोष्ट, आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीनं कोणतं चाक दिलंय ते बघा आणि तिथंच थांबा. तो आकार कंपनीनं लाखो किलोमीटर चालवून पारखलेला असतो. दुसरी, टायरवरचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. तिसरी, चारही टायर एकाच मापाचे घ्या, कारण एबीएस चारही चाकांच्या वेगाची तुलना करत असतं. चौथी, बसवल्यावर चार माणसं गाडीत घालून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, कुठं घासतंय का. पाचवी, अलाइनमेंट करून घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. काढलेले मूळ भाग विकू नका, माळ्यावर ठेवा. आणि स्प्रिंगेला कटर लावू देऊ नका. कुणी ‘एक तासात करून देतो’ म्हणाला, तर किल्ली परत मागून घ्या.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलानं चाकांचा विषय काढला की ‘कसली ही थेरं’ म्हणून उडवून लावू नका. तुम्ही उडवून लावलंत की तो तुम्हाला न सांगता करून येतो, आणि न सांगता केलेलं काम सगळ्यांत स्वस्तातलं असतं. त्याच्याबरोबर दुकानात जा. टायरवरचे आकडे त्यालाच वाचायला लावा, व्यासाची बेरीज त्यालाच करू द्या. जो मुलगा हा हिशेब एकदा करतो, तो सहसा चूक टायर घेत नाही.

गाडी दिवसातून दहा मिनिटं बघितली जाते आणि दोन तास वापरली जाते. तिच्यात लग्नाला जाणारी पाहुणेमंडळी बसतात, बाळंतीण बसते, दवाखान्यात जाणारं माणूस बसतं. गाडीच्या रूपाचा निर्णय घेताना त्या सगळ्यांना एकदा मनातल्या मनात गाडीत बसवून बघावं आणि मगच पाना हातात घ्यावा.